वाचकांचे प्रश्न : शाळेचा सरकारी निधी नेमका ठरतो कुठे?

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे गावातील शाळांना मिळणाऱ्या पैशांविषयी आहेत. पत्रलेखकांपैकी बहुतेकांचा समज असा दिसतो की शाळांसाठी एक ठरावीक रक्कम जिल्हा परिषदेकडे येते आणि तेथील अधिकारी आपल्या मर्जीप्रमाणे ती वाटतात. प्रत्यक्षात शाळेपर्यंत पोहोचणारा पैसा चार-पाच वेगवेगळ्या वाटांनी येतो आणि प्रत्येक वाटेवर निर्णय घेणारा, निकष आणि मुदत वेगळी असते. निवडक पाच पत्रांची उत्तरे येथे दिली आहेत. पत्रलेखकांच्या विनंतीवरून त्यांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : आमच्या वस्तीवरील जिल्हा परिषद शाळेत 28 मुले आहेत. शाळेला वर्षाला दहा हजार रुपये मिळतात, आणि शेजारच्या गावातील 34 मुलांच्या शाळेला पंचवीस हजार. सहा मुलांच्या फरकासाठी पंधरा हजारांचा फरक कोणी ठरवला? गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे तक्रार करून उपयोग होईल का?
— एक पालक, गेवराई तालुका, जि. बीड

आपण लिहिलेली रक्कम म्हणजे समग्र शिक्षा अभियानातील संयुक्त शाळा अनुदान होय. 2018 मध्ये सर्व शिक्षा अभियान, राष्ट्रीय माध्यमिक शिक्षा अभियान आणि शिक्षक शिक्षणाची योजना एकत्र करण्यात आली, तेव्हा पूर्वी स्वतंत्रपणे मिळणारे शाळा अनुदान आणि देखभाल-दुरुस्ती अनुदान यांच्या जागी हे एकच अनुदान आले. महाराष्ट्रात या योजनेचा 60 टक्के भार केंद्र आणि 40 टक्के भार राज्य उचलते. अनुदानाच्या मर्यादा पटावरून ठरलेल्या आहेत : 30 विद्यार्थ्यांपर्यंत 10,000 रुपये, 31 ते 100 पर्यंत 25,000, 101 ते 250 पर्यंत 50,000, 251 ते 1,000 पर्यंत 75,000 आणि त्यापुढे एक लाख. या वरच्या मर्यादा आहेत. त्या वर्षीच्या मंजुरीप्रमाणे प्रत्यक्ष रक्कम कमीही येते आणि हप्त्यांनी येते. त्यातील किमान 10 टक्के रक्कम स्वच्छतेवर खर्च करणे बंधनकारक आहे.

हे टप्पे दिल्लीत ठरतात. मुख्याध्यापकांनी यू-डायस प्लस या शाळा व विद्यार्थ्यांच्या माहितीच्या ऑनलाइन प्रणालीत भरलेला पट केंद्रप्रमुख आणि गटशिक्षणाधिकारी तपासतात, त्यावरून मुंबईतील महाराष्ट्र प्राथमिक शिक्षण परिषद वार्षिक कार्ययोजना व अंदाजपत्रक तयार करते आणि केंद्राचे प्रकल्प मान्यता मंडळ त्यावर निर्णय देते. तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या कोणत्याही अधिकाऱ्याला आपल्या शाळेचा टप्पा बदलता येत नाही, त्यामुळे अनुदानाच्या रकमेबद्दल त्यांच्याकडे तक्रार करून काही साधणार नाही. पटाची नोंद अचूक आहे का, हे मात्र तालुक्यातच पाहता येते आणि ते पाहणे फार गरजेचे आहे. दुसऱ्या शाळेतून आलेल्या मुलाचे नाव जुन्या शाळेने सोडले नसेल किंवा ते प्रणालीतील ड्रॉप बॉक्समध्ये (एका शाळेतून निघालेल्या, पण दुसऱ्या शाळेत अजून न नोंदलेल्या मुलांच्या यादीत) अडकले असेल, तर मूल रोज वर्गात बसत असूनही आपल्या पटावर दिसत नाही. आपली शाळा तिसाच्या उंबरठ्यावर असल्याने अशा तीन नोंदी राहून गेल्या असतील, तर शाळेचे पंधरा हजारांचे नुकसान होऊ शकते. मुख्याध्यापकांना भेटून हजेरीपट आणि यू-डायसमधील यादी शेजारी शेजारी ठेवून ताडून पाहावी. 30 सप्टेंबर ही पटाची संदर्भ तारीख मानली जाते, म्हणून ही तपासणी गणेशोत्सवाच्या सुमारास पूर्ण व्हावी.

या सूत्राबद्दल माझे मतही स्पष्ट सांगतो. दरडोई हिशेब केला तर 28 मुलांच्या शाळेला मुलामागे सुमारे 357 रुपये आणि 250 मुलांच्या शाळेला मुलामागे 200 रुपये मिळतात, म्हणून कागदावर लहान शाळेवर मेहेरनजर आहे असे वाटते. पण शाळेचे विजेचे बिल, पाण्याची मोटार, स्वच्छतागृहाची देखभाल, खडू-फळा, गळणारा पत्रा यांचा खर्च मुलांच्या संख्येच्या प्रमाणात घटत नाही. दहा हजारांतून स्वच्छतेचे एक हजार वजा केले की नऊ हजार उरतात, म्हणजे महिन्याला साडेसातशे रुपये, आणि एवढ्यात शाळा वर्षभर चालवायची असते. मराठवाड्यात वस्त्या आणि तांडे विखुरलेले असल्याने कमी पटाच्या शाळा मोठ्या संख्येने आहेत आणि त्या बंद झाल्या तर लहान मुलांना, विशेषतः मुलींना, दूरचे गाव गाठावे लागते. पटाशी निगडित नसलेली एक किमान रक्कम प्रत्येक शाळेला मिळावी आणि तिच्यावर पटाप्रमाणे वाढ व्हावी, ही मागणी शिक्षक संघटनांनी आणि पालकांनी एकत्र येऊन राज्य शासनाकडे लावून धरली पाहिजे. केंद्राच्या निकषाला स्वतःच्या निधीची जोड देण्यास राज्याला कोणीही अडवलेले नाही.

प्रश्न : आमच्या शाळेची जुनी इमारत निजामाच्या काळातील आहे. दगडी भिंती भक्कम आहेत, पण दोन खोल्यांचे छत धोकादायक झाल्याने मुले ओसरीत बसतात. ग्रामपंचायत म्हणते हे जिल्हा परिषदेचे काम, जिल्हा परिषद म्हणते नियोजनचा निधी आल्यावर पाहू. खरी जबाबदारी कोणाची?
— शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य, भोकरदन तालुका, जि. जालना

इमारतीची जबाबदारी जिल्हा परिषदेची आहे. महाराष्ट्र जिल्हा परिषदा व पंचायत समित्या अधिनियम 1961 अन्वये जिल्हा परिषदा 1 मे 1962 रोजी अस्तित्वात आल्या, तेव्हापासून ग्रामीण प्राथमिक शाळा त्यांच्याकडे आहेत, आणि 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानेही शाळेची इमारत व सोयी उपलब्ध करून देण्याचे काम शासन आणि स्थानिक प्राधिकरणावर टाकले आहे. मात्र जबाबदारी जिल्हा परिषदेची असली, तरी तेवढा पैसा तिच्या तिजोरीत नसतो, आणि आपल्या अडचणीचे मूळ तेथे आहे.

जिल्हा परिषदेच्या शिक्षणावरील खर्चाचा सर्वांत मोठा भाग शिक्षकांच्या वेतनाचा असतो. तो राज्य शासन अनुदान म्हणून देते आणि त्याला दुसरीकडे वळवता येत नाही. जिल्हा परिषदेच्या स्वतःच्या उत्पन्नाचा निधी, ज्याला बोलीभाषेत सेस म्हणतात, त्यातून शाळांना थोडीफार मदत करता येते. परंतु या निधीतही मागासवर्गीय कल्याणासाठी 20 टक्के, महिला व बालकल्याणासाठी 10 टक्के आणि दिव्यांगांसाठी 5 टक्के रक्कम आधीच राखून ठेवावी लागते. शिवाय जमीन-घरांची खरेदी-विक्री जेथे मोठी असते तेथे मुद्रांक शुल्काचा वाटा मोठा मिळतो. पुणे जिल्हा परिषदेला या वाट्यातून जी ताकद मिळते, ती हिंगोली किंवा धाराशिवच्या जिल्हा परिषदेला मिळणे शक्य नाही. आपल्याकडील जिल्हा परिषदा शाळांसाठी वारंवार वर हात पसरताना दिसतात त्यामागे हे कारण आहे आणि प्रत्येक वेळी त्याला अधिकाऱ्यांची अनास्था म्हणणे योग्य नव्हे.

नवीन वर्गखोल्या आणि मोठी दुरुस्ती यांसाठी मुख्य आधार असतो तो जिल्हा वार्षिक योजनेचा. हा आराखडा जिल्हा नियोजन समिती मंजूर करते. पालकमंत्री तिचे अध्यक्ष आणि जिल्हाधिकारी सदस्य सचिव असतात. प्राथमिक शाळांच्या वर्गखोल्यांचे बांधकाम आणि शाळांची विशेष दुरुस्ती यांसाठी या आराखड्यात तरतूद होते. कोणत्या शाळेला खोली द्यायची याची यादी मात्र जिल्हा परिषदेच्या शिक्षण आणि बांधकाम विभागाकडून जाते. म्हणून "नियोजनचा निधी आल्यावर पाहू" हे उत्तर अर्धेच खरे आहे. आपली शाळा त्या यादीत आहे का, असल्यास कितव्या क्रमांकावर आहे आणि तो क्रम कोणत्या निकषाने लावला आहे, हे जिल्हा परिषदेने आज सांगितले पाहिजे, त्यासाठी निधीची वाट पाहण्याचे कारण नाही.

निजामकालीन इमारतींच्या बाबतीत एक टप्पा नेहमी दुर्लक्षित राहतो. जुन्या खोल्या जिल्हा परिषदेच्या मालमत्ता नोंदवहीत वापरायोग्य म्हणून दिसत असतील, तर पटाच्या हिशेबाने शाळेकडे पुरेशा खोल्या आहेत असे गृहीत धरले जाते आणि नवीन खोलीची मागणी मागे पडते. म्हणून आधी त्या खोल्यांचे निर्लेखन, म्हणजे वापरायोग्य मालमत्तेतून त्या अधिकृतपणे वगळणे, व्हावे लागते. शाळा व्यवस्थापन समितीने ठराव करावा, मुख्याध्यापकांनी तो छायाचित्रांसह गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवावा, बांधकाम उपविभागाच्या उपअभियंत्यांकडून पाहणी होऊन खोल्या धोकादायक असल्याचा अहवाल घ्यावा आणि निर्लेखनाचा प्रस्ताव जिल्हा परिषदेकडे जाईल याचा पाठपुरावा करावा. आपल्या पत्रात भिंती भक्कम असल्याचे लिहिले आहे. तसे असल्यास इमारत पाडून टाकण्याऐवजी फक्त छत बदलण्याचा पर्यायही उपअभियंत्यांकडून लेखी तपासून घ्यावा, कारण दुरुस्तीचे अंदाजपत्रक नवीन बांधकामापेक्षा लहान असते आणि मंजुरीची शक्यता वाढते. पूर्वजांच्या हातची घडीव दगडाची भिंत पाडून तेथे कामचलाऊ खोली उभी राहिलेली पाहताना वाईट वाटते, हेही येथे नोंदवतो. तोपर्यंत धोकादायक खोल्यांना कुलूप लावण्याचा निर्णय समितीने इतिवृत्तात अवश्य लिहावा.

मागणीची वेळही तितकीच महत्त्वाची आहे. पुढील वर्षाचा जिल्हा आराखडा हिवाळ्यात आकार घेतो, त्यामुळे आपला ठराव, अहवाल आणि अंदाजपत्रक दिवाळीपूर्वी जिल्हा परिषदेत पोहोचलेले असावे. मार्चमध्ये केलेली मागणी त्या वर्षाच्या यादीत बसत नाही. नियोजनचा निधी मिळाल्यावर तो खर्च करण्यासाठी जिल्हा परिषदेला त्या वर्षासह पुढील आर्थिक वर्षही मिळते, त्यामुळे मंजूर झालेले काम 31 मार्च उलटला म्हणून रद्द झाले असे कोणी सांगितल्यास लेखी खुलासा मागावा. मार्च 2022 मध्ये राज्यातील बहुसंख्य जिल्हा परिषदांची मुदत संपून कारभार प्रशासकांकडे गेला. सदस्यांच्या शिक्षण समितीत गावाच्या शाळेचा विषय मांडण्याची सोय त्या काळात राहिली नाही आणि लहान गावांचे त्यात नुकसान झाले, असे माझे ठाम मत आहे.

राहिला ग्रामपंचायतीचा प्रश्न. वर्गखोली बांधणे तिच्या आवाक्याबाहेरचे असले तरी तिने हात झटकणे बरोबर नाही. राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीत प्राथमिक आणि माध्यमिक शाळांसह शिक्षण हा पंचायतींचा विषय म्हणून दिलेला आहे. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीपैकी राज्यात 80 टक्के वाटा ग्रामपंचायतींना आणि प्रत्येकी 10 टक्के पंचायत समिती व जिल्हा परिषदेला देण्यात आला. त्यातील 2021-22 पासूनचा 60 टक्के निधी पाणी आणि स्वच्छता यांसाठी बंधित, तर 40 टक्के अबंधित होता. शाळेतील पिण्याच्या पाण्याची टाकी, हात धुण्याची जागा, मुलींचे स्वच्छतागृह ही कामे बंधित निधीत बसणारी होती आणि वीजजोडणी किंवा फरशीसारखी कामे अबंधित निधीतून घेता येत होती. असे काम ग्रामपंचायत विकास आराखड्यात असल्याशिवाय त्यावर खर्च करता येत नाही, आणि पुढील आराखड्याची तयारी ऑगस्ट ते ऑक्टोबरमधील ग्रामसभांतून होते. आपल्या ग्रामपंचायतीने आजवर शाळेवर काय खर्च केला, हे ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. ते पाहून, आकडे लिहून घेऊन मगच ग्रामसभेत बोलावे.

प्रश्न : आमच्या गावात खाजगी संस्थेची अनुदानित माध्यमिक शाळा आहे. तिलाही जिल्हा परिषदेकडून असे अनुदान मिळते का?
— निवृत्त शिक्षक, उदगीर तालुका, जि. लातूर

संयुक्त शाळा अनुदान शासकीय आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांसाठी आहे. खाजगी अनुदानित शाळेला राज्य शासनाकडून वेतन अनुदान मिळते. ते शिक्षणाधिकारी (माध्यमिक) यांच्या मान्यतेने आणि वेतन व भविष्य निर्वाह निधी पथकामार्फत शालार्थ या ऑनलाइन वेतन प्रणालीतून कर्मचाऱ्यांपर्यंत पोहोचते. शाळा चालवण्याच्या इतर खर्चासाठी वेतनेतर अनुदान असते. शाळा 20, 40, 60 किंवा 80 टक्क्यांच्या टप्प्यावर असेल तर वेतनाचाही तेवढाच वाटा मिळतो. शिक्षणाधिकाऱ्यांचे कार्यालय जिल्हा परिषदेच्या आवारात असल्याने हा पैसा जिल्हा परिषदेचा आहे असा गैरसमज होतो. या निधीत जिल्हा परिषदेच्या सभागृहाला कमी-अधिक करण्याचा अधिकार नाही.

प्रश्न : दसरा-दिवाळीनंतर आमच्या तांड्यावरची निम्मी कुटुंबे ऊसतोडीला जातात. मुले गेल्यावर पट कमी धरला जातो का? आणि मुलांना गावातच ठेवायचे असेल तर त्यासाठी पैसा कोण देतो?
— एक शिक्षिका, गंगाखेड तालुका, जि. परभणी

पटाची संदर्भ तारीख 30 सप्टेंबर असल्याने स्थलांतरापूर्वीचीच संख्या धरली जाते, त्यामुळे हंगामात वर्ग रिकामे दिसले तरी त्या कारणाने अनुदान किंवा संचमान्यतेतील (पटावरून ठरणाऱ्या मंजूर पदांतील) शिक्षकसंख्या घटत नाही. धोका असतो तो सततच्या गैरहजेरीचे कारण देऊन नाव पटावरून काढून टाकण्यात. तसे करू नये. जी मुले आईवडिलांबरोबर जातात त्यांना शिक्षण हमी पत्रक द्यावे, म्हणजे कारखान्याच्या परिसरातील शाळेत त्यांना बसता येते आणि परतल्यावर आपल्या वर्गात सामावून घेता येते.

मुलांना मागे ठेवण्यासाठी समग्र शिक्षामधून हंगामी वसतिगृहाची सोय आहे. साधारण सहा महिन्यांसाठी मुलांच्या जेवणाचा आणि निवासी व्यवस्थेचा खर्च विद्यार्थिसंख्येप्रमाणे मंजूर होतो आणि ते चालवण्याची जबाबदारी शाळा व्यवस्थापन समितीवर असते. बीड जिल्ह्यात ही पद्धत अनेक वर्षांपासून रुळलेली आहे. अडचण वेळेची आहे. टोळ्या निघून गेल्यावर सर्वेक्षण सुरू झाले, तर मुले आधीच कोपीवर, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या झोपडीवर, पोहोचलेली असतात आणि मंजुरीला अर्थ उरत नाही. मुकादमाकडून उचल घेतलेल्या कुटुंबांची माहिती गावाला पोळ्याच्या सुमारासच असते. म्हणून यादी, पालकांचे संमतिपत्र आणि समितीचा ठराव असा प्रस्ताव सप्टेंबरअखेर गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. मंजुरी व निधी येण्यास उशीर झाला, तर किराणा उधारीवर आणून वसतिगृह सुरू करण्याची वेळ समितीवर येते. हा भार गरीब पालकांच्या समितीवर टाकणे अन्यायाचे आहे. हंगाम दरवर्षी ठरल्या वेळी येतो, त्यामुळे पहिला हप्ता ऑक्टोबरमध्येच देणे शासनाला अशक्य नाही.

प्रश्न : मी शाळा व्यवस्थापन समितीची अध्यक्षा आहे. मला फक्त सह्यांसाठी बोलावतात. बँकेत विचारले तर खात्यात शिल्लक शून्य आहे असे सांगतात. मग पैसा आला कधी आणि गेला कुठे, हे मला कसे कळेल?
— सेनगाव तालुका, जि. हिंगोली

शिल्लक शून्य दिसते याचा अर्थ पैसा हडप झाला असा नाही, ही गोष्ट आधी लक्षात घ्यावी. जुलै 2021 पासून केंद्राच्या योजनांसाठी एकल नोडल खात्याची पद्धत लागू झाली. पैसा राज्याच्या एका खात्यात राहतो आणि शाळेला पीएफएमएस या केंद्राच्या ऑनलाइन निधी-व्यवहार प्रणालीवर खर्चाची मर्यादा दिली जाते. शाळेने देयक तयार केले की रक्कम थेट दुकानदाराच्या खात्यात जाते. 31 मार्चला न वापरलेली मर्यादा शाळेच्या हातून जाते, म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये मर्यादा आली की खरेदीची घाई उडते आणि गरज नसलेल्या वस्तू शाळेत येऊन पडतात. ही घाई टाळायची असेल तर काय घ्यायचे हे समितीने जुलैमध्येच ठरवून इतिवृत्तात लिहून ठेवावे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 22 प्रमाणे शाळा विकास आराखडा तयार करणे हे समितीचे काम आहे आणि खरेदी त्या आराखड्यातून व्हावी अशी अपेक्षा आहे.

आपल्या सहीशिवाय देयकाची पेमेंट ॲडव्हाइस, म्हणजे बँकेला रक्कम देण्याची सूचना, पूर्ण होत नाही. त्यामुळे सही करण्यापूर्वी चार कागद समोर मागण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे : खर्चाला मंजुरी देणारा समितीचा ठराव, दुकानदाराचे पक्के बिल, वस्तू मिळाल्याची साठा नोंदवहीतील नोंद आणि मर्यादा किती आली व किती उरली हे दाखवणारा पीएफएमएसचा उतारा. कोऱ्या कागदावर किंवा रक्कम न लिहिलेल्या ॲडव्हाइसवर सही करू नये. बिल वाचताना अडचण येत असेल तर समितीतील दुसऱ्या पालकाला शेजारी बसवून घ्यावे. समितीत 75 टक्के सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्यात असे कायद्याने ठरवले आहे, ते अशाच वेळी एकमेकांचा आधार मिळावा म्हणून.

गणवेशाच्या पैशांचा हिशेबही याच रीतीने मागावा. दोन गणवेशांसाठी मुलामागे 600 रुपये असतात. 2024-25 मध्ये शासनाने गणवेशाची व्यवस्था राज्यस्तरावर नेली होती. अनेक शाळांना गणवेश उशिरा मिळाले, मापे जुळली नाहीत, आणि 2025-26 पासून हे काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे देण्यात आले. त्यामुळे कापड कोणते, शिंपी कोण आणि दर काय, याचा निर्णय आता आपल्या बैठकीत होतो आणि त्याची नोंद आपल्या इतिवृत्तात असली पाहिजे.

मुख्याध्यापकांनी कागद दाखवण्यास नकार दिल्यास प्रथम लेखी मागणी द्यावी आणि तिची प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना पाठवावी. तरीही उत्तर आले नाही तर माहितीचा अधिकार अधिनियम 2005 अन्वये दहा रुपयांचे कोर्ट फी मुद्रांक लावून मराठीत अर्ज करावा. माहिती देण्याची मुदत 30 दिवसांची आहे. अर्जात "शाळेचा सर्व हिशेब द्या" असे मोघम लिहू नये. कोणत्या आर्थिक वर्षाची खर्चमर्यादा, कोणत्या तारखांची देयके, साठा नोंदवहीची कोणती पाने आणि उपयोगिता प्रमाणपत्राची प्रत हवी आहे, हे एकेक करून लिहावे.